उजेडाचा पंचनामा

अभिमन नानांनी तव्यावर टाकलेली भाकरी पसरली ती थेट गुजरातच्या नकाशासारखी. कच्छचा भाग तव्याबाहेर लोंबत होता.

"बरी शे," पाटावर बसलेल्या पुष्पाबाई म्हणाल्या. "काल त बठ्ठी फाटी गई व्हती." कालची भाकरी खरंच सगळीच्या सगळी फाटली होती.

पुष्पाबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे स्वयंपाकघराचा कारभार सध्या त्या तोंडी चालवत होत्या आणि हुकमाची अंमलबजावणी नाना करत होते. नाना म्हणजे एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळी हयात स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्यांच्या उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात गेलेली. त्याचा सूड म्हणून की काय, निवृत्तीनंतर त्यांनी इतरांच्या उशिराबद्दल तक्रारी करण्याचा सपाटा लावला होता.

हात मोडला तो घरासमोरच्या खांबावरच्या दिव्यामुळे. नरडाण्याहून खैरपिंप्रीत शिरताना लागतो तो पहिलाच खांब. त्यावरचा दिवा संध्याकाळी छान पांढरा लागायचा, मग एकाएकी तांबडा व्हायचा, हिवताप आल्यासारखा थरथरायचा आणि विझायचा. लहर लागली तर भर दुपारी पेटून बसायचा. त्या संध्याकाळी पुष्पाबाई दळण घेऊन येत होत्या, दिव्याने नेमका तोच मुहूर्त धरला आणि त्यांचा पाय गटारात गेला. पीठ एका बाजूला, पुष्पाबाई दुसऱ्या बाजूला.

नाना आधी ग्रामपंचायतीत गेले. सरपंच रतिलाल आबा म्हणाले, खांब वीज कंपनीचा. मग नाना वायरमन मगनकडे गेले. मगन म्हणाला, खांब कंपनीचा पण दिवा पंचायतीचा. मधली वायर कुणाची, याबाबत दोघंही मौन पाळून होते. एकदा मगन नुसता बघायला म्हणून आला, तर शाळेत साहेब तपासणीला आल्यावर वर्ग बसतो तसा दिवा शहाण्यासारखा जळत राहिला.

"दिवा चांगला शे नाना," मगन म्हणाला. "तुमना डोया तपासी ल्या."

त्या दिवशी नानांनी जळगावला, मेहरूणमध्ये दिलेल्या आपल्या मुलीला, ज्योतीला फोन लावला.

"नाना, सरकारचं तक्रारीचं पान उघडलं का? आता विभाग निवडा. खाली मोठी यादी येईल."

"उनी. लई लांब शे."

"'स' वर जा. सार्वजनिक दिवाबत्ती."

नानांचा चष्मा बाहेर ओट्यावर होता. तो आणायला उठायचं तर तव्यावरची भाकरी करपणार होती. त्यांनी डोळे बारीक केले, 'स' शोधला आणि बोट टेकवलं. बोट एक ओळ वर टेकलं. तिथे 'संरक्षण' होतं.

तक्रार मात्र त्यांनी चष्मा लावून, सावकाश, आयुष्यभर कमावलेल्या सरकारी मराठीत लिहिली. 'सदर प्रकाश कोणत्याही वेळी आपोआप प्रकट होतो, काही काळ स्थिर राहतो, नंतर तांबडा होऊन थरथरतो व अदृश्य होतो. सदर प्रकाशामुळे एक महिला गंभीर जखमी झालेली आहे. वारंवार कळवूनही संबंधित यंत्रणा सदर बाब दडपत आहेत.' पाठवल्यावर त्यांनी ती पुष्पाबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. दोघांनाही ती फार आवडली.

पुढच्याच आठवड्यात घरासमोर हिरवी जीप उभी राहिली. नानांची दाढी अर्धी झाली होती. ते गालावर साबण घेऊन बाहेर आले तर समोर लष्करी गणवेशातला एक ताठ तरुण अधिकारी आणि त्याच्या मागे एक हवालदार.

"मी कॅप्टन निंबाळकर. हे हवालदार बादल पावरा. प्रकाशाच्या चौकशीला आलोय."

नानांचे डोळे भरून आले. सरकारने दिवाबत्तीचं काम अखेर मिलिटरीकडे दिलं तर! दिलं ते बरंच केलं. त्यांनी साहेबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, उरलेली अर्धी दाढी विसरून गेले आणि साक्ष द्यायला बसले.

निंबाळकर साताऱ्याकडचे होते. सीमेवर गडबड झाल्यापासून त्यांच्या छावणीला वरून हुकूम होता, की आकाशात कुणाला काही दिसल्याची तक्रार आली तर ती बाजूला न टाकता जागेवर जाऊन पाहायची. आतापर्यंत त्यांनी लग्नातले आकाशकंदील आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फुगा एवढंच पाहिलं होतं. पण बाई जखमी झालेली ही पहिलीच तक्रार.

"प्रकाश पहिल्यांदा कधी दिसला?"

"ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी. निवडणुकीआधीच येतात ते."

कॅप्टनने मान वर केली. "ते? म्हणजे एकाहून जास्त आहेत?"

"गावात बरेच आहेत. पण बाकीचे गरीब आहेत बिचारे. हा एकच त्रास देतो."

"जमिनीपासून किती उंचीवर असतो?"

"असेल वीस फूट."

"इतक्या खाली! आवाज करतो?"

"गुणगुणतो. पावसाळ्यात जास्त."

हवालदार पावराने हळूच आभाळाकडे पाहून घेतलं. कॅप्टन पुष्पाबाईंकडे वळले.

"आजी, तुम्हाला इजा झाली तेव्हा तो प्रकाश तुमच्या अंगावर आला होता का?"

"अंगवर उना असता त मी पडती का?" पुष्पाबाई म्हणाल्या. "तो गया, म्हनीसन मी पडनू."

"कुठे गेला?"

"माले सांगीसन गया का तो?"

कॅप्टनने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. "आणि गावात हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," नाना म्हणाले. "सरपंचांना पक्कं माहीत आहे, तेच तर दडपताहेत. पोरंटोरं तर त्याला दगड मारतात."

पेन थांबलं. "दगड मारल्यावर तो काय करतो?"

"कधी जातो. कधी ढिम्म हलत नाही."

कॅप्टन निंबाळकर उठले. त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या नोकरीत अखेर काहीतरी घडतंय असा भाव होता. "मला ती जागा दाखवा."

नानांनी त्यांना ओट्याच्या कडेला नेलं आणि समोरच्या खांबाकडे बोट केलं. खांबाखाली एक कोंबडी माती उकरत होती.

"हा दिवा आहे," कॅप्टन म्हणाले.

"मग मी काय सांगतोय केव्हाचा?"

निंबाळकरांनी जीपमागे जाऊन वरिष्ठांना फोन लावला. परत आले ते घाम पुसत. वरिष्ठांचं म्हणणं अगदी सरळ होतं. तक्रारीत तर 'दिवा' हा शब्दच नाही. तक्रारदार आधी लिहितो की बाब दडपली जातेय, आणि लष्कर दारात आल्यावर म्हणतो, साधा रस्त्यावरचा दिवा आहे. याचा अर्थ त्याच्यावर दबाव आलाय.

"माझ्यावर? दबाव?" नानांनी घाईघाईने मोबाइल काढून तक्रार वाचली. खरंच, दिव्याचं नाव नव्हतं. एसटीत त्यांना शिकवलं होतं, की एकदा 'सदर' लिहिलं की वस्तूचं नाव लिहायची गरज नसते.

"साहेब, मी तक्रार मागे घेतो."

"दबावाखालचा माणूस हेच म्हणतो," कॅप्टन दुःखाने म्हणाले. "आता एकच उपाय. तुम्ही लिहिलंय तसं या दिव्याने आमच्यासमोर करून दाखवायचं. तोवर चौकशी बंद होत नाही. तोवर याला कुणी हात लावायचा नाही. हा पुरावा आहे."

खांबाभोवती दोरी लागली. रस्ता बंद झाला. हवालदार पावरा बंदूक घेऊन दिव्याखाली उभा राहिला आणि लष्कराने शाळेच्या एका खोलीत मुक्काम टाकला.

तासाभरात सरपंच रतिलाल आबा धापा टाकत हजर झाले. सोबत मगन, मगनच्या खांद्यावर शिडी आणि आबांच्या हातात नवाकोरा दिवा, खोक्यासकट.

"दोन मिनिटांचं काम आहे साहेब," मगन म्हणाला. "आत्ता बदलून देतो."

"एवढे दिवस दोन मिनिटं नव्हती?" नाना ओट्यावरून ओरडले.

"पुराव्याला हात लावायचा नाही," हवालदार म्हणाला.

"खांब आमचाच आहे हो!" मगनच्या तोंडून निघून गेलं.

"दिवाही आमचाच," सरपंच म्हणाले. खैरपिंप्रीच्या इतिहासात दिव्याची जबाबदारी कुणी आपणहून घेण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि ती घ्यायला मनाई होती. शिडी आली तशी परत गेली.

संध्याकाळी दिवा पाहायला सगळं गाव लोटलं. बायका शेंगा घेऊन बसल्या. चिंधाने आपल्या हॉटेलातला स्टोव्ह उचलून दोरीजवळ आणला आणि भजी तळायला घेतली. दिवा वेळेवर लागला. पांढराशुभ्र, स्थिर, सोज्वळ. नाना त्याच्याकडे डोळे लावून बसले होते. "व्हय ना तांबडा," ते पुटपुटत होते. "व्हय रे बाबा." दिवा काही होईना. दुसऱ्या दिवशीही तेच. गावातल्या कुठल्याच दिव्याने इतकी चांगली वागणूक कधी दाखवली नव्हती.

"याचा अर्थ," कॅप्टन म्हणाले, "तुम्ही पाहिला तो प्रकाश हा नव्हे."

"हाच हो!"

"हा तर थरथरतही नाही. म्हणजे दुसरा आहे."

त्यात चिंधाने भर घातली. लष्कर गेलं तर गिऱ्हाईक जाईल, या काळजीने तो आपण होऊन साक्ष द्यायला आला. त्यानेही प्रकाश पाहिला होता. त्याला खिडक्या होत्या.

"खिडक्या?"

"तीन. एक खिडकीम्हा बाई बसेल व्हती."

"चिंध्या!" नाना गरजले. "बाई कोठून आनी तू?"

"तुमच्यावर दबाव आहे नाना," चिंधा गंभीरपणे म्हणाला. "माझ्यावर नाही."

तेवढ्यात ज्योतीचा फोन आला. "नाना, इकडे मेहरूणमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय, तुम्हाला मिलिटरीने धरलं म्हणून. सासूबाई विचारताहेत, तुम्ही गुप्तहेर आहात का?"

"त्यांना सांग, मी वाहतूक नियंत्रक आहे!"

"ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, गुप्तहेर असंच काहीतरी सांगतात."

नानांनी फोन ठेवला. आजवर त्यांनी शेकड्याने तक्रारी केल्या होत्या. कुणी कधी एकीचीही दखल घेतली नव्हती आणि त्यामुळे आयुष्य कसं सुरळीत चाललं होतं. पुष्पाबाईंनी डाव्या हाताने त्यांच्यापुढे चहाची बशी सरकवली.

"तुम्ही खोटं बोल्या नहीत ना? मंग कसाले भ्यातस?"

"खरं बोलनू म्हनीसन भ्यास," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हवालदार पाणी प्यायला गेला तेवढ्यात नानांनी बोरं पाडायचा लांब बांबू काढला आणि दोरीवरून वाकून दिव्याला हलकेच टोचून पाहिलं. दिवा हलला नाही. मागून आवाज आला, "नाना, काय करताय?" हवालदार पावराच्या हातात तांब्या होता.

"काही नाही. जाळं लागलं होतं कोळ्याचं."

कॅप्टनने नोंद केली: पुराव्याशी छेडछाड. नानांना गाव न सोडण्याची ताकीद मिळाली. नाना तसेही शिंदखेड्याच्या पलीकडे वर्षातून एखाद्या वेळी जात. पण त्या क्षणापासून त्यांना काश्मीर, कन्याकुमारी, सगळीकडे जावंसं वाटू लागलं.

अखेर कॅप्टन निंबाळकरांनाच एक युक्ती सुचली. आपण समोर आहोत म्हणून ते काही होत नाही, आपण लपायचं. दोरी काढली, जीप शाळेमागे नेली, हवालदाराला खांबापासून हलवलं आणि संध्याकाळी सगळे नानांच्या ओट्यावर भिंतीच्या आडोशाला बसले. कॅप्टन, पावरा, नाना, पुष्पाबाई, शिवाय पंच म्हणून सरपंच आणि मगन. चिंधाला कुणी बोलावलं नव्हतं, तोही होता.

दिवा लागला. गुरं परत यायची वेळ झाली. दोन दिवस दोरीमुळे गुरं देवळाच्या बोळातून वळत होती. आज रस्ता मोकळा पाहून ती आपल्या नेहमीच्या वाटेने आली. सगळ्यांत मागे एक धिप्पाड म्हैस होती. ती खांबाशी येऊन थांबली, डोळे मिटले, आणि खांबाला पाठ लावून अशी काही तल्लीन होऊन घासू लागली की खांब मुळापासून डुलू लागला.

दिवा तांबडा झाला. थरथरला. विझला.

"देखा! देखा!" पुष्पाबाई ओरडल्या. "आसाच गया तो!"

नाना उठून उभे राहिले. एसटीत रौप्यपदक मिळालं तेव्हाही ते इतके ताठ उभे राहिले नव्हते. म्हशीने एकदा बाजू बदलली. दिवा लागला, पुन्हा विझला.

"ही म्हैस कुणाची?" कॅप्टनने विचारलं.

सगळे सरपंचांकडे बघू लागले. रतिलाल आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "म्हैस आमची आहे. पण खांब कंपनीचा आहे."

"खांब कंपनीचा, पण दिवा पंचायतीचा," मगन म्हणाला.

"आणि खाज कुणाची?" हवालदार पावराने विचारलं. गेल्या तीन दिवसांत तो कर्तव्याबाहेरचं बोलला ते एवढंच.

निंबाळकर फोन घेऊन अंगणात गेले. त्यांचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू येत होता. "सर, बफेलो. नो सर, सांकेतिक शब्द नाही. बफेलो, सर. चार पायांची. येस सर. होय, एकटीच होती. नाही सर, तिचा पूर्वेतिहास तपासलेला नाही."

मगनने शिडी लावली. आतली वायर सैल झाली होती. ती आवळायला त्याला खरोखरच दोन मिनिटं लागली. सरपंचांनी स्वतः उभं राहून खांबाभोवती काट्यांचं कुंपण घातलं. म्हशीने ते पाहून एक उसासा टाकला आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निरोपाची वेळ आली. पुष्पाबाईंच्या देखरेखीखाली नानांनी कॅप्टनसाठी वांग्याचं भरीत केलं होतं, आणि साताऱ्याच्या माणसाने ते डोळ्यांत पाणी आणून का होईना पण चाटूनपुसून खाल्लं. मग जीपच्या बॉनेटवर शेवटचा कागद पसरला. निंबाळकरांनी तो वाचून दाखवला. या गावाच्या परिसरात कोणताही अनाकलनीय प्रकाश दिसत नाही, दिसलेला नाही. यापुढे तसा कुणाला दिसल्यास खालील सही करणाऱ्या सर्वांनी चौकशी पूर्ण होईपर्यंत गावातच थांबायचं आहे.

"सगळ्यांनी?" मगनने विचारलं.

"मीसुद्धा," कॅप्टन म्हणाले. त्यांना परवा रजा मिळत होती. घरी मुलीचं बारसं होतं.

नानांनी सही केली. सरपंचांनी केली, मगनने केली. खिडकीतल्या बाईला कायमचा निरोप देत चिंधानेही केली. शेवटी हवालदाराची आणि कॅप्टनची झाली. कागद पाकिटात गेला, पाकीट बॅगेत गेलं. निंबाळकरांनी नानांशी हात मिळवला. समोर दिवा लख्ख जळत होता.

आणि त्याच वेळी गावामागच्या टेकडीआडून एक हिरवट उजेड वर आला.

चांगला परातीएवढा होता. आवाज नाही, धूर नाही. तो सावकाश वर चढला, थांबला, डावीकडे सरकला, पुन्हा उजवीकडे आला. जणू कुणाचं तरी घर शोधत होता. मग टेकडीवरून उतरून कपाशीच्या शेतांवर आला. त्या प्रकाशात जीपचा हिरवा रंग आणखी हिरवा दिसू लागला. कॅप्टनच्या गालावर, कालपासून ओट्याला टेकून ठेवलेल्या मगनच्या शिडीवर, सरपंचांच्या पांढऱ्या टोपीवर, सगळीकडे तो उजेड पडला.

निंबाळकरांचा हात अजून नानांच्या हातात होता. त्यांनी एकदा टेकडीकडे पाहिलं, एकदा बॅगेकडे पाहिलं आणि मग मान वळवून खांबावरच्या दिव्याकडे पाहिलं.

"छान लागलाय," ते म्हणाले.

"एकदम स्थिर," मगन म्हणाला.

"पंचायतीचा आहे," सरपंच घाईने म्हणाले.

नानांचा डावा हात सवयीने खिशातल्या मोबाइलकडे गेला होता. तो हात त्यांनी रिकामाच बाहेर काढला आणि पाठीमागे धरला. हवालदार पावराने जीप सुरू केली. चिंधा खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागला. तो बराच वेळ नीट होईना.

"अहो," पुष्पाबाई ओट्यावरून म्हणाल्या, "तठे देखा ना! काय शे ते?"

"दिवा शे," नाना खांबाकडे बघत म्हणाले.

"त्यो नही हो. तो तठला!"

"बठ्ठा दिवाच शे, पुष्पा. घरम्हा जाय."

जीप गेली. सरपंच गेले, मगन शिडी घेऊन गेला, चिंधा अनवाणीच गेला. नाना भाकरीचं पीठ मळायला आत गेले आणि त्यांनी मागचं दार लावून घेतलं. पुष्पाबाईंची सही कुणी मागितलीच नव्हती. म्हणून त्या एकट्याच ओट्यावर उभ्या राहून, तो उजेड दिसेनासा होईपर्यंत निवांत पाहत राहिल्या.